पेटी केव्हा काढायची? वेगासाठी उड्यांचे व्यायाम करणाऱ्या तेरा वर्षांच्या धावपटूचे प्रकरण

पार्श्वभूमी

दिवाळीची सुट्टी संपता संपता सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणारे एक वडील आपल्या मुलाला घेऊन आमच्या सरावाच्या मैदानावर आले. मुलगा तेरा वर्षे तीन महिन्यांचा होता, आठवीत शिकत होता आणि पाचवीपासून शाळेच्या संघातून खो-खो खेळत होता. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील गाळले आहेत. मोजमापे मात्र सरावाच्या वहीत आहेत तशीच दिली आहेत.

त्याच महिन्यात झालेल्या १४ वर्षांखालील गटाच्या शर्यतीत तो १०० मीटरच्या अंतिम फेरीपर्यंत गेला होता आणि हातातल्या घड्याळावर १४.४ सेकंदांत सहावा आला होता. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. त्याचा जन्म ऑगस्टमधला असल्याने पुढच्या हंगामात त्याला थेट १७ वर्षांखालील गटात, म्हणजे आपल्यापेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठ्या मुलांबरोबर धावावे लागणार होते. वडिलांच्या घाईचे मूळ इथे होते आणि ती घाई समजण्यासारखी होती.

घरी त्यांनी सुताराकडून प्लायवूडची ६० सेंटिमीटर उंचीची पेटी करून घेतली होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर ती ठेवून मुलगा आठवड्यातून पाच दिवस रोज पन्नास वेळा तिच्यावरून खाली उडी मारायचा आणि लगेच वर उसळायचा. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितींतून हा व्यायाम घरात आला होता. शिवाय आधी तो जिथे सराव करत असे तिथे दर शनिवारी पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या आळीपाळीने एकेका पायावर चढायच्या, आणि उशीर झाला की शंभर बेडूकउड्या, असा शिरस्ता होता. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली अधूनमधून दुखते, हे मुलाने स्वतःहून सांगितले नाही. मी गुडघा दाबून पाहिला तेव्हा त्याने पाय मागे घेतला.

नेमकी अडचण

पहिल्या आठवड्यात आम्ही उपचार किंवा व्यायाम असे काहीच केले नाही, फक्त मोजले. उभ्या सुरुवातीने ३० मीटर त्याने ४.७८ सेकंदांत पूर्ण केले. धावत येऊन ३० ते ५० मीटरमधले २० मीटर त्याला २.६६ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात मीटर. पहिल्या पंधरा मीटरमध्ये तो गटातल्या दीड वर्षाने मोठ्या मुलांच्या बरोबरीने असे. चाळीस मीटरनंतर मात्र एकेक जण त्याच्या पुढे निघून जाई. खो-खोत वाढलेल्या मुलांमध्ये हे चित्र नवे नाही. दोन खांबांमधले अंतरच असे आहे की पूर्ण वेग गाठण्याआधी वळावे लागते, त्यामुळे वाकून उसळी घेण्याची सवय पक्की होते आणि ताठ उभे राहून पूर्ण वेगाने धावण्याची सवय लागतच नाही.

खरी गोष्ट मोबाइलच्या संथ चित्रणातून दिसली. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल जमिनीलगत ठेवला की एकेक चित्र पुढे सरकवत पाय जमिनीला कधी टेकला आणि कधी सुटला हे मोजता येते. एक चित्र म्हणजे सेकंदाचा दोनशे चाळिसावा भाग. गुडघे जवळजवळ सरळ ठेवून केवळ घोट्यांवर टुणटुण उड्या मारायला सांगितल्या, तेव्हा त्याचा पाय दर उडीला सरासरी ५८ चित्रे, म्हणजे ०.२४ सेकंद जमिनीवर राहत होता. दर वेळी टाच खाली बसत होती. मैदान मुरुमाचे असूनही तिचा ‘थप’ असा आवाज स्पष्ट येत होता.

इथे थोडी यंत्रणा सांगणे आवश्यक आहे. पूर्ण वेगात धावणाऱ्या अव्वल धावपटूचा पाय जमिनीवर सेकंदाचा एक दशांश किंवा त्याहूनही कमी वेळ असतो. स्नायूला आपली पूर्ण ताकद लावायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, त्यामुळे त्या क्षणी निव्वळ स्नायूच्या ताकदीवर काम भागत नाही. पाय टेकताना पोटरी आणि टाचेमागची कंडरा ताणली जाते, स्नायू ताठ राहून तिला आधार देतात आणि ताणलेली कंडरा स्प्रिंगसारखी परत आखडताना साठलेली ऊर्जा मोकळी करते. ताण आणि आखडणे यांत वेळ गेला की ती ऊर्जा वाया जाते. उड्यांच्या व्यायामांचा, ज्यांना आपण सगळेच आता प्लायोमेट्रिक म्हणतो, हेतू या चक्राचा वेळ कमी करणे हा आहे. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून उडी टाकून लगेच उसळण्याची पद्धत मांडली आणि १९७५ मध्ये अमेरिकन प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना प्लायोमेट्रिक हे नाव दिले. वर्खोशान्स्कींची ती पद्धत ताकदीची भक्कम तयारी झालेल्या प्रौढ खेळाडूंसाठी होती, हे चित्रफितींत सांगितले जात नाही.

या कसोटीवर पाहिले तर मुलाचा तोवरचा सराव नेमका उलट होता. बेडूकउडीत माणूस खोल बसतो, थांबतो आणि मग उठतो. शंभरावी उडी पहिल्यापेक्षा कितीतरी संथ असते. साठ सेंटिमीटरवरून उतरताना त्याचे गुडघे आत वळत आणि तो बराच वेळ खाली दबून मग वर येई. तो रोज पन्नास वेळा सावकाश उसळण्याचाच सराव करत होता, आणि त्याची किंमत गुडघा देत होता.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा वडिलांना सांगितली आणि ती त्यांना आवडली नाही. ज्या मुलाशी ते आपल्या मुलाची तुलना करत होते त्याच्या ओठांवर मिसरूड फुटले होते. दोघांचे वय कागदोपत्री सारखे असले तरी एकाची वाढ होऊन गेली होती आणि दुसऱ्याची व्हायची होती. मुलांमध्ये उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींमध्ये बाराव्याच्या आसपास येतो, पण एका मुलाचा बाराव्याला तर दुसऱ्याचा पंधराव्यालाही येऊ शकतो. चाळीस मीटरनंतर मागे पडण्यातला काही भाग केवळ याचा होता.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय वडिलांचा होता: पेटी चालू ठेवायची, फक्त माझ्या देखरेखीखाली. तो नाकारायला मला वेळ लागला नाही.

दुसरा पर्याय आमच्या गटातल्या सहकाऱ्याने मांडला. त्याच्या मते उड्या पूर्ण बंद करून सहा महिने वजनांचा व्यायाम करावा आणि ताकद आल्यावरच उड्यांकडे यावे. या वयात वजन उचलल्याने उंची खुंटते अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे; नीट देखरेखीखाली, योग्य वजनाने केलेल्या व्यायामाबाबत तिला आधार नाही, त्यामुळे आक्षेप तो नव्हता. आक्षेप असा होता की खो-खो खेळणारे मूल रोज उड्या मारतच असते. मैदानावर आम्ही त्या बंद केल्या तरी शाळेत त्या होणारच, आणि तिथे त्या कशा माराव्यात हे शिकवणारे कोणी नसणार.

तिसरा पर्याय केवळ धावण्याचा होता. पूर्ण वेगाने धावणे हाच मुळात सर्वांत जवळचा उड्यांचा व्यायाम आहे; धावताना दर पावलाला एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. या पर्यायात मला बरेच तथ्य वाटले आणि आजही वाटते. पण टाच टेकवून धावण्याची सवय फक्त धावून सुटेल याची खात्री नव्हती, कारण वेगात असताना मुलाला ‘घोटा ताठ ठेव’ असे सांगून काही उपयोग नसतो.

म्हणून चौथा मार्ग घेतला: कमी उंचीच्या, कमी संख्येच्या, झटपट उड्या, त्याच दिवशी पूर्ण विश्रांती घेत छोट्या धावा, आणि आठवड्यातून दोनदा साध्या ताकदीचे व्यायाम. नवशिक्यासाठी एका सत्रात पायाचे ८० ते १०० स्पर्श हा प्रशिक्षकांमध्ये प्रचलित अंदाज आहे आणि दोन सत्रांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवतात. गुडघा पाहता आम्ही साठ स्पर्शांपासून सुरुवात केली. पेटीचे काय करायचे, असे वडिलांनी विचारले. मी म्हटले, “तिच्यावर बसून त्याला बुटांची नाडी बांधू द्या.” ते हसले, पण पेटी पार्किंगमधून हलली नाही हे मला नंतर कळले.

नोव्हेंबर ते मार्च: काय केले

पहिले सहा आठवडे उडी मारण्यापेक्षा उतरण्यावर गेले. वीतभर उंचीच्या पायरीवरून उतरायचे, आवाज होऊ द्यायचा नाही आणि दोन सेकंद पुतळ्यासारखे थांबायचे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. हे जमेपर्यंत पुढचे काही नाही, हा नियम मुलांना कंटाळवाणा वाटला, पण त्यांनी तो पाळला. त्यानंतर दोरीवरच्या उड्या, घोट्यांवरच्या उड्या आणि लंगडी आली. लंगडी या यादीत पाहून पालकांना नवल वाटते. एका पायावर, पुढे सरकत, समोरच्याला चुकवत, कमीत कमी वेळ जमिनीला पाय लावायचा, असा व्यायाम आपल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर आधीपासून आहे. आम्ही फक्त दहा मीटरची मर्यादा घातली आणि दमल्यावर ती खेळू दिली नाही.

ताकदीसाठी छातीशी डंबेल धरून बैठका, एका पायावर टाच उचलणे आणि जोडीदाराने घोटे धरून ठेवल्यावर गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकण्याचा, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम होता. धावा २० आणि ३० मीटरच्या, एकूण सहा ते आठ, आणि प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटांची विश्रांती. ही विश्रांती सांभाळणे सर्वांत कठीण जाते, कारण कठड्यावर बसलेल्या पालकांना मुले नुसती उभी दिसतात.

जानेवारीपासून पंधरा सेंटिमीटरचे छोटे अडथळे आणि लांब झेपा सुरू केल्या आणि स्पर्श नव्वदवर नेले. शनिवारी सारसबागेजवळच्या सणस मैदानावरच्या सिंथेटिक ट्रॅकवर धावायला मिळे. इतर दिवशी मुरूम. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजले. घोट्यांवरच्या उडीत पाय आता ४६ चित्रे, म्हणजे ०.१९ सेकंद जमिनीवर राहत होता. ३० मीटर ४.६६ सेकंदांत, धावते २० मीटर २.५६ सेकंदांत. गुडघा दुखत नव्हता. ‘थप’ जाऊन आता ‘टक’ असा आवाज येऊ लागला होता.

मे महिन्यातली चूक

वार्षिक परीक्षेनंतर, एप्रिलच्या मध्यावर केलेल्या चाचणीत ३० मीटर ४.६७ आणि उडीतला स्पर्श ४९ चित्रे आला. एक आकडा जागच्या जागी होता, दुसरा किंचित उलटा फिरला होता. याचा अर्थ लावताना मी चुकलो. मला वाटले की हलक्या उड्यांना शरीर सरावले आहे आणि आता अधिक जोराचा धक्का हवा. सुट्टी असल्याने सत्रे दोनाची तीन केली आणि तीस सेंटिमीटरच्या पेटीवरून उतरून लगेच उसळण्याचे चोवीस प्रयत्न घातले. बाकीच्या नव्वद स्पर्शांतून काहीच कमी केले नाही. आठवड्याचे स्पर्श १८० वरून साडेतीनशेच्या आसपास गेले. कागदावर हे आकडे एकमेकांशेजारी लिहिले असते तर मी थांबलो असतो. मी ते लिहिले मे महिन्याच्या शेवटी.

दोन गोष्टी मला माहीत होत्या आणि मी त्या हिशेबात धरल्या नाहीत. एक म्हणजे मुलगा संध्याकाळी शाळेच्या खो-खोच्या उन्हाळी शिबिराला जात होता. तिथले सूर आणि वळणे यांचा भार माझ्या वहीत कुठेच नव्हता. दुसरी गोष्ट त्याच्या आईने एप्रिलमध्येच सांगितली होती. सराव सुटल्यावर त्याची पिशवी उचलता उचलता त्या म्हणाल्या, “सर, दिवाळीत घेतलेले बूट त्याला होत नाहीत. पाच नंबरचे होते, आता सात लागतात.” मी ‘हो, वाढतं वय आहे’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळलो. वाढीच्या झपाट्यात पावले आधी वाढतात, मग पाय लांब होतात, धड सर्वांत शेवटी. बुटांचा नंबर हा त्या महिन्यातला माझ्याकडे आलेला सर्वांत चांगला मापदंड होता आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

उंची आम्ही तीन महिन्यांनी मोजत होतो. नोव्हेंबरमध्ये १५५.८ सेंटिमीटर, फेब्रुवारीत १५७.२, मेच्या दुसऱ्या आठवड्यात १६०.०. म्हणजे आधीच्या तीन महिन्यांत १.४ आणि नंतरच्या तीन महिन्यांत २.८. वेग बरोबर दुप्पट झाला होता, नेमका त्याच काळात मी भारही दुप्पट केला होता. हाडे लांब होतात तेव्हा स्नायू आणि कंडरा काही काळ मागे राहतात, शिवाय मुलाला आपल्याच लांब झालेल्या पायांचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो. एप्रिलमधला उलटा फिरलेला आकडा हेच सांगत असण्याची शक्यता अधिक होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो जिना उतरताना लंगडू लागला. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाताला लागेल असा दुखरा उंचवटा आला होता. त्याच संध्याकाळी मी पालकांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले. निदान ऑसगुड-श्लाटरचे झाले. मांडीच्या पुढच्या स्नायूंची कंडरा नडगीला जिथे चिकटते तिथले वाढते, अजून पक्के न झालेले हाड वारंवारच्या ओढीने दुखावते. १९०३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमध्ये कार्ल श्लाटर यांनी स्वतंत्रपणे याचे वर्णन केले, म्हणून ही दोन नावे. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा त्रास थांबतो, पण तोवर भार सांभाळावा लागतो.

जून ते सप्टेंबर: पुन्हा सुरुवात

या टप्प्यावरचा निर्णय सर्वांत अवघड होता, कारण तिघांची तीन मते होती. आईला दोन-तीन महिने सगळे बंद हवे होते. वडिलांना ऑक्टोबरमधली स्पर्धा दिसत होती. गुडघ्याला पट्टा बांधून चालू ठेवता येईल का, असे ते विचारत होते. मुलगा मला एकट्याला गाठून म्हणाला, “सर, दुखत नाही आता. खरंच नाही.” त्याच्या डोळ्यांतून ते खोटे आहे हे दिसत होते आणि त्याला दोष देता येत नव्हता, कारण मार्चमध्ये त्याची वेळ सुधारल्यावर सगळ्यांसमोर शाबासकी देणारा मीच होतो.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलून मधला मार्ग ठरला. तीन आठवडे उड्या आणि पूर्ण वेगाच्या धावा बंद. त्या काळात भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसून राहणे, कुल्ल्याचे आणि पोटरीचे व्यायाम चालू. पुढे दुखणे शून्य ते दहामध्ये सांगायचे. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलेले असले पाहिजे, नाहीतर त्या दिवशीचे सत्र रद्द. हा आकडा मुलाने मला सांगायचा नाही, सकाळी आईला सांगायचा आणि आईने मला कळवायचा, हा बदल फिजिओंनी सुचवला. तो फार उपयोगी पडला. मला खूश करायचे म्हणून लपवलेले दुखणे आईपासून लपत नाही.

खो-खोच्या शिक्षकांशी मी तेव्हा पहिल्यांदा बोललो. ते नोव्हेंबरमध्येच व्हायला हवे होते. त्यांनी दोन महिने त्याला सूर मारायला लावायचे नाही असे कबूल केले आणि ते पाळलेही.

जुलैत पावसाने मुरुमाचा चिखल केला. फरशीवर किंवा पार्किंगमध्ये उड्या नकोत म्हणून शाळेच्या सभागृहातला लाकडी रंगमंच मागून घेतला. वीस स्पर्शांपासून, दोन पायांवर दोरीच्या उड्यांनी पुन्हा आरंभ झाला. दर आठवड्याला दहा स्पर्श वाढवायचे, तेही दुखण्याचा आकडा शांत असेल तरच. त्या पोकळ रंगमंचावर टाच बसली की ढोलासारखा आवाज घुमायचा, त्यामुळे मला काही सांगावेच लागत नसे; बाकीची मुलेच ‘टाच, टाच’ म्हणून ओरडायची. ऑगस्टच्या शेवटी साठ स्पर्श, सप्टेंबरमध्ये छोटे अडथळे आणि थोड्या झेपा. त्याहून वर गेलो नाही. पेटी एकदाही काढली नाही. उंची आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, अनवाणी, एकाच भिंतीशी मोजली जात होती: जूनमध्ये ०.९ सेंटिमीटरची भर, जुलैत ०.८, ऑगस्टमध्ये ०.७.

निष्पत्ती

ऑक्टोबरमध्ये ३० मीटर ४.५० सेकंदांत आणि धावते २० मीटर २.४४ सेकंदांत झाले. घोट्यांवरच्या उडीत पाय ४१ चित्रे, म्हणजे ०.१७ सेकंद जमिनीवर होता. बालेवाडीच्या ट्रॅकवर झालेल्या १७ वर्षांखालील गटाच्या स्पर्धेत त्याने पहिल्या फेरीत १३.२ सेकंद घेतले आणि उपांत्य फेरीत बाद झाला. त्याच्या पुढे गेलेली सगळी मुले दहावीची किंवा अकरावीची होती.

या सुधारणेचे श्रेय उड्यांना किती द्यायचे, याचा हिशेब मी करून पाहिला. धावत्या २० मीटरमध्ये नोव्हेंबरात त्याची सुमारे सव्वाअकरा पावले पडत होती, ऑक्टोबरात सव्वादहा. सेकंदाला पडणारी पावले दोन्ही वेळा साधारण ४.२ होती, वाढले ते पावलाचे अंतर, १.७९ वरून १.९५ मीटरवर, म्हणजे नऊ टक्क्यांनी. याच काळात उंची १५५.८ वरून १६३.६ वर, म्हणजे पाच टक्क्यांनी वाढली. पाऊल उंचीच्या प्रमाणात वाढले असे ढोबळपणे धरले तर निम्म्याहून अधिक सुधारणा त्याच्या वाढीची आहे, आमची नाही. उरलेल्या चार टक्क्यांत धावणे, ताकद, उड्या आणि केवळ एक वर्ष अधिकचा सराव असे सगळेच भागीदार आहेत. जमिनीवरचा वेळ कमी होऊनही पावलांची गती टिकली, याचा अर्थ तो हवेत अधिक वेळ राहू लागला. लांब पावलासाठी तेच हवे असते आणि इथे उड्यांचा हात असावा असे मला वाटते. एका मुलावरून याहून अधिक म्हणता येत नाही.

वेळेबद्दलही सावध राहावे लागते. हातातल्या घड्याळाने घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण पाव सेकंदाने चांगली दिसते. आधीची १४.४ आणि नंतरची १३.२ या दोन्ही हातच्या असल्याने तुलना चालते, पण घड्याळे वेगळ्या माणसांच्या हातात होती.

वेगळे काय करता आले असते

उंची पहिल्या दिवसापासून दर महिन्याला मोजायला हवी होती. तीन महिन्यांचे अंतर या वयात फार आहे. बसलेल्या अवस्थेतली उंचीही घेतली असती तर पायांची वाढ आणि धडाची वाढ वेगळी दिसली असती आणि झपाट्याचा काळ किती दूर आहे याचा अंदाज बांधता आला असता. आता आम्ही ती घेतो. त्यासाठी एक स्टूल आणि भिंतीवरची पट्टी लागते, बाकी काही नाही.

एप्रिलमध्ये आकडे थबकले तेव्हा माझ्यासमोर वाढवणे, तसेच ठेवणे आणि कमी करणे असे तीन रस्ते होते. तिसरा माझ्या मनातच आला नाही. प्रशिक्षकाच्या मनात तो सहसा येत नाही, कारण पालक शुल्क भरतात ते मुलाला कमी करून घ्यायला नव्हे. आज तसेच आकडे समोर आले तर मी दोन आठवडे स्पर्श निम्म्यावर आणीन आणि पुन्हा मोजेन. तीस सेंटिमीटरची पेटी स्वतः वाईट नव्हती. तीच पेटी, बारा प्रयत्न, आठवड्यातून एकदा, आणि बदल्यात दुसरे काहीतरी वजा, अशी फेब्रुवारीत आणली असती तर कदाचित चालून गेली असती.

मेनंतर सगळे बंद न करण्याच्या निर्णयावर मी ठाम आहे, पण तीन आठवडे पुरेसे होते की चार हवे होते यावर फिजिओंचे आणि माझे अजून एकमत नाही. जुलैत दोनदा त्याचे सकाळचे दुखणे चारवर गेले होते आणि दोन्ही वेळा सत्र रद्द करावे लागले.

वडिलांची ६० सेंटिमीटरची पेटी सप्टेंबरमध्ये घरच्या गणपतीच्या आराशीत चौरंगाखाली गेली आणि नंतर गच्चीवर, असे मुलाने सांगितले. आमची तीसची मैदानाच्या कोठडीत आहे. उंचीची महिन्याची भर सलग तीन महिने ०.४ सेंटिमीटरच्या खाली राहिली आणि गुडघा शांत असला, तरच ती काढायची असे आम्ही चौघांनी ठरवले आहे. सप्टेंबरचा आकडा ०.६ होता, ऑक्टोबरचाही ०.६.